नानांच्या तबकड्यांची नोंद: 'न्यू वर्ल्ड' पाचवी की नववी?

दाखलनोंद यांचा प्रश्न

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते. घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद वाचा.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काढली, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमचे सासरे, नाना, गेल्या मार्गशीर्षात गेले. नारायण पेठेतला वाडा आता पाडायचा आहे, दिवाळीपर्यंत जागा मोकळी करून द्यायची आहे. भांडी वाटून झाली, शिसवी कपाटावरून जे काय व्हायचं ते झालं, आणि माझ्या वाट्याला आल्या २१४ एलपी. "तू लायब्ररीतली, तूच बघ बाई," असं म्हणून मोठ्या जाऊबाई मोकळ्या झाल्या.

नाना पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. १९७५ साली कंपनीने त्यांना आठ महिने जर्मनीला पाठवलं. बरोबरची मंडळी कॅमेरे आणि मिक्सर घेऊन परतली. नाना हायडन ह्या युरोपीय संगीतकाराच्या सिंफनींची, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या रचनांची, खोकीच्या खोकी घेऊन आले. सासूबाईंनी खोकं उघडून विचारलं म्हणे, "ह्यात शिजवायचं काय?" पुढे जुन्या बाजारात दर रविवारी फेरी, कॅम्पात कोणी घर आवरतंय असं कळलं की तिथे, असं करत संग्रह वाढला. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी मला मजदा हॉलला एका मैफलीला नेलं होतं. टाळ्या कुठे वाजवायच्या नाहीत हे सोडून मला तेव्हा काही कळलं नाही.

तबकड्यांबरोबर त्यांची एक वही मिळाली. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली. रकाने आखलेले: अनुक्रमांक, कोणाची, कितवी, कुठून घेतली, ओळख. 'ओळख' हा रकाना वाचण्यासारखा आहे. हायडन ४५, 'निरोपाची'. ५५, 'शाळामास्तर'. ८२, 'अस्वल'. ८३, 'कोंबडी'. ९४, 'दचकवणारी'. १०१, 'घड्याळ'. ९६ ला 'झुंबराची' असं आहे. त्याच रकान्यात कुठेकुठे सरगम खरडली आहे, पण नाना पेटीच्या क्लासला जायचे, तिथलं काहीतरी असावं म्हणून ते मी सोडून दिलं.

आता अडचण. मी रीतसर दाखल नोंदवही घातली आणि संगणकावर तालिका करायला बसले. पुस्तकाचं कसं, शीर्षक आणि लेखक लागला की निम्मं काम झालं. इथे शीर्षक म्हणजे नुसता आकडा, आणि आकडेच जुळत नाहीत. द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' नानांच्या क्रमांक ६१ वर 'पाचवी' आहे आणि १४८ वर 'नववी'. माझे कान काही तयार नाहीत, पण दोन्ही लावून पाहिल्या तर एकच वाटतात. शूबर्टची सी मेजरमधली मोठी सिंफनी एका कव्हरवर सातवी, दुसऱ्यावर नववी, आणि तिसऱ्या जर्मन कव्हरवर आठवी. मोझार्टची ३६ आहे, ३८ आहे, ३७ नाही. दोन रविवार मी त्या ३७ साठी माळा उपसला.

दुसरी अडचण रेकॉर्डिंगची. शहरातल्या एका दुकानात नमुना म्हणून दोन तबकड्या पेनड्राइव्हवर उतरवायला दिल्या, 'निरोपाची' आणि 'दचकवणारी'. एलपीमागे ठरलेले पैसे रोख मोजले. घरी येऊन ऐकलं तर 'निरोपाची'चा शेवटचा भाग दोन तुकड्यांत तुटलेला, आणि शेवट नाहीच. तबकडी लावून घड्याळाने मोजलं: जवळजवळ चाळीस सेकंद गायब. आणि 'दचकवणारी' ऐकताना कोणी दचकेल अशी परिस्थितीच नाही, सगळं एका आवाजात. परत गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डच तशी आहे." पन्नास वर्षं वाड्यातले सगळे त्याच रेकॉर्डला दचकत आले आहेत हो!

तर विचारायचं ते इतकंच: तालिकेत कुठला आकडा लिहू, म्हणजे पुढे कोणाला फसगत होणार नाही? आणि ह्या तबकड्या घरच्या घरी नीट उतरवता येतील का? पुतण्या संगणक लावून द्यायला तयार आहे.

मुठेकाठी यांचं उत्तर

काकू, आधी ३७ शोधणं थांबवा. ती तुमच्याकडेच काय, कोणाकडेच नाही. म्हणजे आहे, पण ती मोझार्टची नाही. मिखाएल हायडनची आहे, आपल्या हायडनच्या धाकट्या भावाची. मोझार्टने तिच्या सुरुवातीला एक संथ प्रवेश तेवढा लिहून जोडला. हे कळेपर्यंत ३७ हा आकडा देऊन झाला होता, आणि मागचे सगळे आकडे बदलण्यापेक्षा ती जागा रिकामी राहिलेली बरी असं लोकांनी ठरवलं. २ आणि ३ नंबरच्याही त्याच्या नाहीत. तिसरी कार्ल फ्रीडरिख आबेलची आहे. लहान मोझार्टने ती स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती, अक्षर त्याचं म्हणून रचनाही त्याची ठरली. तुम्हाला ग्रंथालयात असे घोटाळे पाहायला मिळालेच असतील.

द्वोर्झाकच्या तुमच्या दोन्ही तबकड्या एकच सिंफनी आहेत, तुमच्या कानांना कमी लेखू नका. त्याच्या हयातीत नऊपैकी पाचच छापल्या गेल्या, आणि त्याही लिहिल्या त्या क्रमाने नाही. आज जिला सहावी म्हणतात ती छापताना पहिली होती, सातवी दुसरी, पाचवी तिसरी, आठवी चौथी आणि नववी पाचवी. त्याची खरी पहिली तर हरवलेलीच होती, ती मिळाली तो जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, आणि वाजली १९३६ मध्ये. जुन्या कव्हरांवर 'न्यू वर्ल्ड' म्हणजे पाचवीच असते. तुमच्या १४८ वर कर्तेस हा संचालक आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा असं असेल तर ते नव्या क्रमांकाचं. त्यांनी साठच्या दशकात नऊच्या नऊ केल्या.

शूबर्टचंही तसंच. त्याची 'अपुरी' नावाची सिंफनी आधी आठवी धरायचे आणि मोठी सी मेजर कुठे सातवी, कुठे नववी. १९७८ ला त्याच्या कृतींची सूची नव्याने छापली तेव्हा 'अपुरी' सातवी झाली आणि मोठी आठवी. म्हणून शूबर्टला आकडा लिहूच नका. डॉइच नावाच्या माणसाने केलेल्या सूचीतला क्रमांक लिहा: 'अपुरी' म्हणजे डॉइच ७५९, मोठी डॉइच ९४४. मोझार्टला केखेल क्रमांक. हा केखेल गंमतीचा माणूस, वनस्पती आणि खनिजं गोळा करायची हौस असलेला, त्याच शिस्तीने त्याने १८६२ साली मोझार्टच्या ६२६ कृती ओळीने लावल्या. काळाच्या क्रमाने लावल्यामुळे नवं संशोधन झालं की क्रम हलतो. त्या सूचीची ताजी आवृत्ती अगदी २०२४ मध्ये आली.

हायडनला होबोकेन. हा डच गृहस्थ स्वतःच संग्राहक. १९२७ मध्ये त्याने व्हिएन्नाला संगीतकारांच्या हस्तलिखितांच्या फोटोंचं दप्तर उभं केलं, आणि १९५७ मध्ये हायडनच्या सूचीचा पहिला खंड काढला. त्याने काळाच्या भानगडीत न पडता प्रकार पाडले. १ म्हणजे सिंफनी, ३ म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, १६ म्हणजे पियानो सोनाटा. तुमच्या ग्रंथालयातल्या ड्युई वर्गीकरणाच्या जवळचं आहे, नाही का? सिंफनींच्या आत मात्र त्याने मांडिचेव्स्की ह्या अभ्यासकाने १९०७ ला दिलेले १ ते १०४ हेच आकडे ठेवले. त्यामुळे 'निरोपाची' होबोकेन १:४५. पण ४५ म्हणजे पंचेचाळिसावी लिहिलेली असं समजू नका. ७२ नंबरची १७६३ च्या आसपासची आहे, म्हणजे 'निरोपाची'च्या कितीतरी आधीची. हायडनच्या ३७ ची एक नक्कल १७५८ सालची सापडली आहे. आणि १०४ च्या बाहेरच्या दोन आहेत, त्यांना 'ए' आणि 'बी' म्हणतात. नानांच्या जर्मन खोक्यांवर डोराटी ह्या संचालकाचं नाव असेल तर त्यात त्याही असणार.

एक राहिलं, झुंबर. लंडनच्या मैफलीत झुंबर कोसळलं आणि लोक पुढे सरकले होते म्हणून वाचले, ही गोष्ट ९६ ला चिकटली आहे. प्रत्यक्षात ते १७९५ मध्ये, १०२ च्या वेळी पडलं. तुमच्या तालिकेत दुरुस्त करून टाका.

खडूस_पेठकर यांचं उत्तर

हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे. २१४ तबकड्या धुवा, पुसा, उतरवा, आणि ऐकणार कोण? जुन्या बाजारात विकून टाका, दिवाळीच्या आत जागा मोकळी होईल.

दाखलनोंद

खडूस_पेठकर, नारायण पेठेतल्या माणसाला सदाशिव पेठेतल्यासारखा सल्ला देऊ नये. पुढचा.

मुठेकाठी, मनापासून आभार. दोन रविवार वाया गेल्याचं दुःख कमी झालं. तुमचं उत्तर वाचताना मला माझंच काम आठवलं. आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या अकरा प्रती होत्या. दाखल अंक अकरा वेगळे, संपादक चार वेगळे, पण ज्ञानेश्वरी एक. मग मी 'न्यू वर्ल्ड'चा आकडा शीर्षक म्हणून का धरून बसले होते? आता तीन थर करते आहे: कृती, ती कोणी वाजवली, आणि हातातली तबकडी. आणि जुन्या आकड्यांसाठी 'पाहा' नोंदी. 'द्वोर्झाक, सिंफनी ५ (जुना क्रमांक), पाहा: सिंफनी ९.' कार्डांच्या जमान्यात असे हजारो लिहिले, ऐन वेळी विसरले.

झुंबराचं मात्र दुरुस्त करणार नाही. नानांच्या वहीत खाडाखोड नको. माझ्या तालिकेत १०२ खाली लिहीन आणि ९६ वरून 'पाहा' देईन.

सुईचं_टोक यांचं उत्तर

काकू, मी वीसेक वर्षं हेच करतो, तेव्हा थोडं परखड बोलतो.

दुकानदाराने दोन गुन्हे केले. पहिला, शांतता आली की गाणं संपलं असं समजून आपोआप तुकडे पाडणारं बटण चालू ठेवलं. फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डला ते चालतं. 'निरोपाची'च्या शेवटच्या भागात वेगाने चाललेलं वाजवणं मध्येच अडल्यासारखं थांबतं आणि संथ भाग सुरू होतो. तिथे यंत्राने पहिला तुकडा पाडला. मग एकेक वादक उठून जातो, आधी ओबो आणि हॉर्न, मग 'बसून' नावाचं वाद्य, असं करत शेवटी दोन व्हायोलिनं उरतात, तीही तारांवर म्यूट चढवलेली. त्या आवाजाला यंत्र 'शांतता' म्हणालं. तुमचे चाळीस सेकंद असे गेले. दुसरा गुन्हा, आवाज आपोआप सारखा करणारी सोय. हळू असेल तिथे वर ढकलते, मोठा झाला की दाबते. ९४ च्या दुसऱ्या भागात सोळाव्या मात्राखंडाला टिंपनी ह्या नगाऱ्यांसकट सगळा ऑर्केस्ट्रा कडाडतो, त्याच्या आधीची ओळ कुजबुजल्यासारखी असते. दोन्ही एका पातळीवर आणल्यावर दचकणार कोण?

घरी नक्की होईल. टर्नटेबल, फोनो प्रीअ‍ॅम्प, आवाज संगणकात नेणारा साधा ऑडिओ इंटरफेस आणि ऑडेसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम, एवढं पुरतं. फोनो प्रीअ‍ॅम्प टाळू नका. एलपी कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त करून कापलेले असतात, ते उलटं फिरवून पूर्ववत करायचं काम तो करतो. त्याच्याविना आवाज पत्र्याचा येईल.

नवी सुई घ्या. हे पहिलं लिहायला हवं होतं. नानांची सुई किती वर्षं फिरली आहे देवाला माहीत, आणि झिजलेली सुई प्रत्येक फेरीत तबकडी खाते. सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसते त्या भागाच्या, कागदावर दिलेला असतो, तोच ठेवा. "जरा कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचेल" हा गैरसमज आहे, हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

धुणं: डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबल ओलं होऊ देऊ नका. पुण्यात पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा धुतलेली तबकडी परत जुन्या कागदी पाकिटात घालू नका, नाहीतर धुतलं ते पाण्यात. ७८ फेऱ्यांची जुनी एखादी निघाली तर तिला अल्कोहोलवालं काहीही लावू नका, विरघळते. आणि तबकड्या उभ्याच ठेवा, एकावर एक आडव्या नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नाही, एप्रिलमध्ये तिथे पापड होतात.

वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती मिळते, वेग बरोबर असेल तर तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून एलपीच्या ३३⅓ फेऱ्यांना १८० रेघांची चकती लागते. अमेरिकेतली २१६ रेघांची आणलीत तर मशीन बिघडलंय असं वाटेल. चकती जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा चोकवाल्या ट्यूबखाली पाहा, एलईडीखाली रेघा बहुतेक स्थिर दिसणारच नाहीत.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. मिनिटाला ३५ एमबीच्या आसपास जागा जाते, तुमच्या २१४ ला साधारण सव्वातीनशे जीबी. फ्लॅक ह्या, आवाज न बिघडवता आकसणाऱ्या फाइलमध्ये ठेवलंत तर निम्म्याच्या जवळपास येईल. तबकडीतला सगळ्यात मोठा आवाज आधी शोधा, त्यावर पातळी लावा, काटा शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील अशी. मग बाजू संपेपर्यंत नॉबला हात लावायचा नाही. एक बाजू, एक फाइल, नाव तुमचा दाखल अंक आणि बाजू: ०४७-अ, ०४७-ब. तुकडे नंतर स्वतःच्या कानांनी पाडा. खरखर काढायची असेल तर वेगळ्या प्रतीत. मूळ फाइलला हात नाही.

वाड्याची जमीन लाकडी असेल तर टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर ठेवा. सागवानी तुळयांवर कोणी चाललं की ते सुईत उतरतं.

आणि शेवटचं. हायडनचा डोराटीचा संच सीडीवर केव्हाच आला आहे, ३३ सीडी आहेत. हंगेरीतून १९५६ नंतर बाहेर पडलेल्या वादकांचा तो ऑर्केस्ट्रा, पश्चिम जर्मनीत मार्ल नावाच्या गावी असायचा, तिथे १९६९ ते १९७२ मध्ये मुख्य काम झालं. हे सगळं चांगल्या स्थितीत उपलब्ध असताना दिवाळीच्या आधीचे महिने त्यात घालवू नका. जुन्या बाजारातल्या, कोणी पुन्हा न काढलेल्या तबकड्या आधी उतरवा.

पेटीमास्तर यांचं उत्तर

ताई, तुम्ही मूळ प्रश्नात एक वाक्य सहज टाकून दिलं आहे, बाकी कोणी त्याकडे पाहिलं नाही. 'ओळख' रकान्यात सरगम आहे म्हणालात. क्लासचा धडा कोणी तबकड्यांच्या वहीत, तेही 'ओळख' ह्या रकान्यात का लिहील? दोन-तीन ओळी इथे टाकाल का?

दाखलनोंद

टाकते.

क्र. २२, हायडन ९४, दचकवणारी: सासा गग पप ग, मम रेरे निनि प (नि आणि प च्या खाली टिंब)

क्र. ६१, द्वोर्झाक ५, न्यू वर्ल्ड: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. भूप?

क्र. ९०, शूबर्ट ७: सा रे ग, ध नि सा (ध आणि नि खाली टिंब)

क्र. ११३, बेथोवन ५: पपप ग, ममम रे (ग च्या खाली आडवी रेघ)

पेटीमास्तर

ताई, हे मुखडे आहेत!

पहिली ओळ मी पेटीवर वाजवली आणि ओळखायला एक क्षण लागला नाही. तुमचं दुकान जिचा कडाड गिळून बसलं, तीच ही धून. मुळात सी मेजरमध्ये आहे, त्यामुळे सा कुठे धरायचा हा प्रश्नही नाही. बेथोवनची ओळ कोमल ग धरून म्हणा, शाळेतलं पोरगंही ओळखेल. आणि द्वोर्झाकच्या ओळीपुढे 'भूप?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिणारा माणूस मला भेटायला हवा होता. म आणि नि दोन्ही वर्ज्य, कोर आंग्ले नावाच्या वाद्यावर संथ लयीत येते ती. भूप नाही, भूपाची चाल त्यात नाही, पण स्वर तेच पाच. प्रश्नचिन्ह अगदी योग्य जागी आहे.

पाश्चात्त्य सूचींतही हेच करतात. आकडे बदलतात, टोपणनावं तर बहुतेक दुसऱ्यांनीच दिलेली असतात, पण कृतीच्या सुरुवातीचे चार-सहा मात्राखंड बदलत नाहीत, म्हणून नोंदीत ते छापतात. हायडनने स्वतः १७६५ च्या सुमारास आपल्या रचनांची वही घातली, तीत अशाच सुरावटी लिहून ठेवल्या आहेत. म्हातारपणी, १८०५ मध्ये, त्याच्या नकलनविसाकडून मोठी यादी करून घेतली, तीही तशीच. त्याच्या नावावर इतरांच्या इतक्या रचना खपत होत्या की नुसतं 'हायडन, डी मेजर' असं लिहिलं तर काहीच सिद्ध होत नव्हतं. आपल्याकडे भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधल्या नसत्या तर 'यमनातली ती द्रुत बंदीश' म्हणून आपण नक्की कुठली समजलो असतो?

फक्त एक खोट आहे, सांगतो. नानांनी सुरुवात लिहिलेली नाही, लक्षात राहिलेली जागा लिहिली आहे. ९४ आणि न्यू वर्ल्ड दोन्ही ओळी दुसऱ्या भागातल्या आहेत. शूबर्टची मात्र अगदी पहिली, हॉर्नवरची. तेव्हा तालिकेत ओळ उतरवताना 'भाग २' असं शेजारी लिहा, नाहीतर पुढचा माणूस तबकडीच्या सुरुवातीला सुई ठेवून बसेल आणि धून येईना म्हणून नोंद चूक ठरवेल.

दाखलनोंद

तीन आठवड्यांनी येते आहे, माफ करा.

वही पुन्हा पहिल्यापासून वाचली, ह्या वेळी पुतण्याची जुनी पेटी मांडीवर घेऊन, एका बोटाने. क्र. ६१ आणि क्र. १४८ दोन्हींपुढे तीच ओळ आहे, ग प प. १४८ ला 'भूप?' नाही, नुसतं 'वरीलप्रमाणे'. शूबर्टच्या तिन्ही कव्हरांपुढे सा रे ग. म्हणजे आकड्यांचा घोळ नानांना ठाऊक होता, त्यांनी फक्त तो माझ्यासारखा कोणाला विचारला नाही.

एक तबकडी मी 'अनोळखी' म्हणून बाजूला ठेवली होती, लेबल कसरीने खाल्लेलं, कव्हर दुसऱ्याच कोणाचं. वहीत क्र. १७० पुढे 'सा रे म ग, भाग ४, कव्हर बदलले' असं आहे. बाजू उलटवून शेवटच्या भागावर सुई ठेवली. पहिलेच चार स्वर. मुठेकाठींच्या सांगण्यावरून ताडून पाहिलं, मोझार्टची ४१, केखेल ५५१. पेटीमास्तर, इथे नानांनी भाग लिहिलाय बरं का. सगळीकडे नाही, पण इथे लिहिलाय.

आता तालिकेत रकाने असे: दाखल अंक, रचनाकार, सूची क्रमांक, छापील आकडा (कव्हरवर असेल तोच, चुकीचा असला तरी), वादक आणि साल, मुखडा, नानांचं नाव. 'कोंबडी' आणि 'अस्वल' जशीच्या तशी राहतील. एका खेळण्यांच्या सिंफनीपुढे नानांनी 'हायडन' लिहून 'खरंच?' असं विचारलंय. शोधलं तर ती त्याची नाहीच, तेव्हा तिला 'हायडनच्या नावावरची' असा वेगळा मथळा दिला.

सुईचं_टोक, तुमचं ऐकलं, नवी सुई आणली, जुन्या बाजारातल्या ३८ बाजू झाल्या. टर्नटेबल देवघराशेजारच्या कोनाड्यात बसवलं आहे, देवाला चालतंय. डोराटी घेऊ नका म्हणालात तेही पाळलं, फक्त 'निरोपाची' तेवढी घेतली, दुकानाचा राग होता म्हणून. पहाटे साडेचारला, पाण्याचा पंप सुरू व्हायच्या आत. नॉब मुळीच हलवला नाही. संथ भाग आला, ओबो गेला, हॉर्न गेला, मोठं डबल बेस गेलं, दोन व्हायोलिनं उरली. आणि त्या शेवटच्या चाळीस सेकंदांत मोठ्या जाऊबाई पाणी प्यायला उठल्या. फाइलमध्ये व्हायोलिनांच्या खालून धप, धप, धप, मग थोडं थांबून पुन्हा धप, धप. माठापर्यंत आणि परत.

कोनाडासुद्धा त्याच भिंतीत आहे ना, तुळई तिथेच टेकते. हे काढता येतं का, की पुन्हा घेऊ?

सुईचं_टोक

काढायला गेलात तर व्हायोलिनंही जातील. पुन्हा घ्या. आणि जाऊबाईंच्या उशाशी तांब्या भरून ठेवा.